हिरवा दिवा आणि मराठी अक्षर : बहुप्रणालीय स्वयंचलित सॉफ्टवेअर बांधणीची एक समीक्षा

सारांश :

एकदा लिहिलेली सॉफ्टवेअरची मूळ संहिता निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आणि निरनिराळ्या कंपायलरच्या साहाय्याने आपोआप बांधून तपासण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ झाली आहे. प्रत्येक प्रणालीसमोर हिरवा दिवा लागला की सॉफ्टवेअर निर्दोष आहे, असे मानण्याकडे कल दिसतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या विकासाचा आढावा घेऊन तिच्या सामर्थ्याची व मर्यादांची चिकित्सा केली आहे. हिरवा दिवा हा केवळ विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर असतो. मराठीविषयीचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, आणि प्रणालींमधील भेद तर नेमके मराठी मजकुराच्या ठिकाणीच उघड होतात, हे 'शिर्डी' या एका शब्दाच्या आधारे दाखविले आहे. अखेरीस ग्रामीण महाविद्यालयांतील प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनासंबंधी काही सूचना केल्या आहेत.

बीजशब्द : स्वयंचलित बांधणी, ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर, युनिकोड, देवनागरी, पाठभेद, प्रात्यक्षिक अध्यापन.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीची रचना झाली. पुढील तीन शतकांत तिच्या अनेक नकला झाल्या आणि प्रत्येक नकलेगणिक पाठभेद वाढत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, संत एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. या घटनेचे साहित्यिक व धार्मिक महत्त्व सर्वज्ञात आहे. तथापि तीमागील पद्धतविषयक जाणीव आजच्या एका सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रालाही लागू पडते. संहिता एकच असली तरी ती ज्या हातांतून व ज्या साधनांतून वाचकापर्यंत पोहोचते, त्यांनुसार तिच्यात भेद निर्माण होतात. ते भेद कोणत्याही एका प्रतीकडे पाहून कळत नाहीत. त्यासाठी अनेक प्रती शेजारी ठेवून ताडून पाहाव्या लागतात.

सॉफ्टवेअरची मूळ संहिताही याच अवस्थेतून जाते. प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर यंत्राला थेट कळत नाही. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, लिंकर निरनिराळे तुकडे जोडतो आणि मग चालविण्याजोगा प्रोग्रॅम तयार होतो. या संपूर्ण क्रियेला संगणकक्षेत्रात 'बिल्ड' म्हणतात. येथे तिला 'बांधणी' म्हटले आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तीन प्रणालींवर एकाच संहितेची बांधणी केली असता तीन वेगवेगळे प्रोग्रॅम तयार होतात. ते तिन्ही सारखेच वागतील, ही अपेक्षा असते; हमी नसते.

शिर्डीसारख्या गावात या प्रश्नाला विशेष महत्त्व प्राप्त होते. देशाच्या सर्व भागांतून येणाऱ्या भाविकांच्या हातांतील फोन वेगळे, लॉजच्या कार्यालयातील संगणक वेगळा आणि आरक्षण नोंदविणारा दूरचा सर्व्हर वेगळा. या सर्वांवर गावाचे नाव मात्र एकाच प्रकारे उमटावे लागते.

२. लेखाची उद्दिष्टे

(अ) बहुप्रणालीय स्वयंचलित बांधणीच्या विकासाचा थोडक्यात परामर्श घेणे.
(आ) प्रणाली व कंपायलर यांमधील भेद मराठी मजकुराच्या संदर्भात स्पष्ट करणे.
(इ) या पद्धतीच्या यशाच्या निकषांची चिकित्सा करणे.
(ई) महाविद्यालयीन पातळीवर अनुसरता येईल असा मार्ग सुचविणे.

३. स्वयंचलित बांधणीचा विकास

बांधणी यंत्राकडून करून घेण्याच्या प्रयत्नांत 'मेक' या साधनाचे स्थान पहिले आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत ते तयार केले. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले की बदललेला भागच पुन्हा बांधला जाई. तथापि 'मेक'ला प्रणालींमधील भेदांची जाण नव्हती. युनिक्सचे अनेक प्रकार प्रचारात आल्यावर १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ'चा आरंभ केला. समोरच्या यंत्रावर काय उपलब्ध आहे याची आधी विचारपूस करावी आणि मग त्यानुसार बांधणी करावी, हे त्याचे सूत्र होते. विंडोज आणि युनिक्स या दोहोंना एकाच वर्णनातून सामावून घेण्याची गरज अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या प्रतिमाविषयक प्रकल्पाला भासली आणि त्यातून २००० च्या सुमारास किटवेअर या संस्थेचे 'सीमेक' आकारास आले.

बांधणी कशी करावी यानंतरचा प्रश्न ती केव्हा करावी हा होता. नेटस्केप व पुढे मोझिला प्रकल्पात 'टिंडरबॉक्स' नावाची व्यवस्था होती. तिच्या फलकावर प्रत्येक यंत्रासाठी एक स्तंभ असे. बांधणी यशस्वी झाली तर हिरवा, फसली तर लाल. स्तंभ लाल झाला की दोष दूर होईपर्यंत इतर बदल थांबविले जात. मार्टिन फाउलर व मॅथ्यू फोमेल यांनी २००० साली लिहिलेल्या लेखामुळे 'सतत एकत्रीकरण' ही संकल्पना सर्वदूर पोहोचली. त्यापाठोपाठ ब्रायन वॉर्नर यांचे 'बिल्डबॉट' २००३ मध्ये आणि कोहसुके कावागुची यांचे 'हडसन' २००५ मध्ये आले. 'हडसन'चा मोठा वापरकर्तावर्ग २०११ मध्ये 'जेनकिन्स' या नव्या नावाखाली गेला. आज सार्वजनिक प्रकल्पांना 'गिटहब ॲक्शन्स'सारख्या सेवांद्वारे तिन्ही प्रमुख प्रणालींची यंत्रे विनामूल्य मिळतात.

या विकासक्रमातून एक तक्ता सिद्ध झाला. त्यात एका बाजूस प्रणाली आणि दुसऱ्या बाजूस कंपायलर असतात. लिनक्सवर जीसीसी व क्लँग. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, क्लँग व मिनजीडब्ल्यू. मॅकओएसवर ॲपलचा क्लँग. अशा एकूण ६ जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीची चाचणीसाठीची व वितरणासाठीची अशा दोन बांधण्या धरल्या तर १२, आणि इंटेल व एआरएम हे दोन प्रोसेसर धरले तर २४ चौकटी होतात. एका बांधणीस १० मिनिटे लागतात असे मानले, तर संहितेतील प्रत्येक बदलामागे यंत्राचे ४ तास खर्ची पडतात. म्हणून व्यवहारात मोजक्या चौकटी प्रत्येक बदलानंतर आणि संपूर्ण तक्ता रात्री एकदा, अशी विभागणी करावी लागते. कोणती चौकट 'मोजकी' ठरवायची, हा निर्णय वरवर तांत्रिक भासतो; प्रत्यक्षात तो कोणता वापरकर्ता महत्त्वाचा मानायचा याचाच निर्णय असतो.

४. भेदांचे स्वरूप

सी भाषेत पूर्णांकांसाठी 'लाँग' हा प्रकार वापरला जातो. ६४-बिट लिनक्स व मॅकओएसवर त्याचा आकार ८ बाइट असतो, ६४-बिट विंडोजवर ४ बाइट. चार बाइटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही होय. राहाता तालुका हा सहकाराचा परिसर आहे; विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात आहे. अशा परिसरातील एखाद्या पतसंस्थेसाठी विद्यार्थ्याने ठेवींचा हिशेब पैशांमध्ये ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला अशी कल्पना करावी. लिनक्सवर तो बिनचूक चालेल. विंडोजवर मात्र एकूण ठेव २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांच्या पुढे गेली की बेरीज चुकेल. संहितेत एका अक्षराचाही फरक नसेल, आणि दोन्ही ठिकाणी बांधणी यशस्वी झालेली असेल.

दुसरा भेद 'कॅर' या प्रकाराचा आहे. इंटेल प्रोसेसरवर तो सामान्यतः ऋण संख्या धारण करू शकतो; एआरएमवरील लिनक्समध्ये तो केवळ धन असतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ हा असतो. एआरएमवर तो २२४ असाच वाचला जातो, इंटेलवर उणे ३२. परिणामी 'बाइट १२७ पेक्षा मोठा असेल तर तो इंग्रजी नव्हे' अशी साधी अट एका यंत्रावर मराठी ओळखते आणि दुसऱ्यावर ओळखत नाही. इंग्रजी अक्षरांचे सर्व क्रमांक १२८ पेक्षा लहान असल्यामुळे इंग्रजी मजकुरावर केलेल्या चाचणीत हा दोष कधीही आढळणार नाही.

एकाच प्रणालीवर दोन कंपायलर वापरण्याचे प्रयोजनही येथे लक्षात येते. सी भाषेच्या मानकाने काही गोष्टी अनिर्णित ठेवल्या आहेत आणि त्या ठिकाणी प्रत्येक कंपायलर आपापला अर्थ लावतो. एक ज्याविषयी मौन पाळतो, त्याविषयी दुसरा सूचना देतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला दुसऱ्या प्रतीमुळे पहिल्या प्रतीतील लेखनदोष कळतो, तसाच हा प्रकार आहे.

५. 'शिर्डी' : एक कसोटी

उपरोक्त भेद मराठी मजकुरात कसे एकवटतात हे पाहण्यासाठी 'शिर्डी' हा एकच शब्द पुरेसा आहे. वाचकाच्या दृष्टीने त्यात शि आणि र्डी अशी २ अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये तो श, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्त, ड आणि दीर्घ वेलांटी अशा ६ चिन्हांनी लिहिला जातो. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १८ बाइट होतात. विंडोजवरील रुंद अक्षरप्रकारात तो १२ बाइट व्यापतो, लिनक्सवरील त्याच नावाच्या प्रकारात २४. म्हणजे 'या शब्दाची लांबी किती?' या प्रश्नाला २, ६, १२, १८ आणि २४ अशी पाच उत्तरे संभवतात, आणि प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर असते.

यात आणखी एका उत्तराची भर पडते. वापरकर्त्याला दिसणारे अक्षर कोठे संपते, याचे नियम युनिकोडने ठरविले आहेत. जुन्या नियमांनुसार हलन्तानंतर अक्षर तुटत असे. त्यामुळे या शब्दाची शि, र् आणि डी अशी ३ अक्षरे मोजली जात. २०२३ मधील युनिकोड १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षर अखंड मानले आणि संख्या २ झाली. एका यंत्रावर जुने ग्रंथालय आणि दुसऱ्यावर नवे असेल तर तोच प्रोग्रॅम एकीकडे ३ आणि दुसरीकडे २ हे उत्तर देतो. कर्सर कोठे थांबेल, खोडण्याची कळ दाबल्यावर काय पुसले जाईल, हे सर्व या उत्तरावर अवलंबून असते.

लांबीचा हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. एखाद्या पावतीत गावाच्या नावासाठी १० बाइटची जागा राखली, तर नऊ बाइटमध्ये 'शिर' एवढेच उरते आणि दहावा बाइट हलन्ताचा अर्धवट तुकडा असतो. तो तुकडा काही प्रणाली चौकोन म्हणून, काही प्रश्नचिन्ह म्हणून दाखवितात, तर काही संपूर्ण ओळच नाकारतात.

संहितेतच मराठी शब्द लिहिला तर कंपायलरचा भेद समोर येतो. जीसीसी संहितेची फाइल यूटीएफ-८ आहे असे गृहीत धरतो. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, फाइलच्या आरंभी विशिष्ट खूण नसेल तर, ती यंत्राच्या स्थानिक संकेतपद्धतीत आहे असे मानतो. पश्चिम युरोपीय संकेतपद्धती असलेल्या विंडोजवर रुंद प्रकारात लिहिलेल्या 'शिर्डी'ची ६ ऐवजी १८ चिन्हे होतात आणि पडद्यावर लॅटिन अक्षरांची अर्थहीन माळ उमटते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या दुसऱ्या सुधारणेपासून फाइल यूटीएफ-८ मानण्याचा पर्याय उपलब्ध आहे. परंतु तो बांधणीच्या वर्णनात आठवणीने लिहावा लागतो.

मराठीच्या स्वतःच्या वैशिष्ट्यांमुळे आणखी काही प्रश्न निर्माण होतात. 'दुसऱ्या' या शब्दातील आखूड र दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्तायुक्त ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण शोधाला भिन्न वाटतात. त्यातही ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइलव्यवस्थेत फाइलनावातील ऱ चे र आणि नुक्ता असे विघटन होई. त्यामुळे लिनक्सवर 'दुसऱ्या' या शब्दाने नाव दिलेली फाइल तेथून आणल्यावर बाइटशः तीच राहत नसे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. तत्पूर्वीच्या मजकुरात ते अ आणि चंद्र असे दोन चिन्हांत आढळते. वर्णक्रमाचेही तसेच आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, तर युनिकोडच्या क्रमांकांत तो ल च्या लगेच पुढे आहे. म्हणून वर्णमालेनुसार 'कावळा' आधी आणि 'काळ' नंतर यावयास हवा; मराठीची क्रममाहिती नसलेल्या यंत्रावर हा क्रम उलटा होतो.

६. हिरव्या दिव्याची मर्यादा

येथवरच्या विवेचनातील बहुतेक दोषांच्या बाबतीत बांधणी यशस्वीच होते, ही बाब लक्षणीय आहे. कंपायलरला संहितेचे व्याकरण कळते, तिचा हेतू कळत नाही. चाचण्या हेतू तपासतात, परंतु चाचणी लिहिणाऱ्याला जे सुचले तेवढेच. चाचणीतील सर्व नावे इंग्रजी असतील तर २४ पैकी २४ चौकटी हिरव्या होऊनही मराठी वाचकाच्या हाती चौकोन येऊ शकतात. अशा वेळी यंत्रांची संख्या वाढविणे म्हणजे तोच अपुरा प्रश्न अधिक जणांना विचारणे होय.

याच्या उलट उदाहरणही उपलब्ध आहे. संगणकावर अक्षरांची जुळणी करणारे 'हार्फबझ' हे मुक्त सॉफ्टवेअर फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांत वापरले जाते. 'शिर्डी'तील ऱ्हस्व वेलांटी श च्या आधी काढणे आणि रफार ड वर नेणे, हे काम अशा सॉफ्टवेअरचे असते. त्यातील भारतीय लिपींचा भाग बेहदाद एस्फाहबोद यांनी २०१२ च्या सुमारास नव्याने लिहिला, तेव्हा विकिपीडियावरील मजकुरातून घेतलेले देवनागरी व इतर लिपींतील शब्द चाचणीसाठी वापरून त्यांची मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबच्या परिणामांशी तुलना करण्यात आली. म्हणजे प्रती ताडून पाहण्याची पद्धत येथे भाषेच्या पातळीपर्यंत नेली गेली. आज निरनिराळ्या यंत्रांवर मराठी बऱ्याच अंशी सारखी दिसते, यामागे अशा तपासणीचा मोठा वाटा आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा पूर्वानुभव नाही असेही नव्हे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकच्या 'जिस्ट' गटाने भारतीय लिपींच्या संगणकीय वापराचे मूलभूत काम केले. 'इस्की' ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. तरीही छपाई व कार्यालयीन व्यवहारात दीर्घकाळ असे फॉन्ट वापरले गेले, ज्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली होती. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराचे रूपांतर निरर्थक इंग्रजी अक्षरांत होई. लग्नपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत हा अनुभव एका संपूर्ण पिढीने घेतला आहे. 'एकाच यंत्रावर खरी असलेली मराठी' असे त्याचे वर्णन करता येईल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले आणि मूळ संहितेपासून कोणालाही बांधता येईल असा देवनागरी फॉन्ट उपलब्ध झाला, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

बांधणीची व्यवस्था तटस्थ असते, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड युटिल्स' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणले. तो कार्यान्वित करणारा भाग सार्वजनिक संहितेत नव्हता. वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यातील बांधणीच्या सूचनांमध्ये तो दडविला होता. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या किरकोळ भासणाऱ्या शंकेतून हा प्रकार बाहेर आला. दिवे हिरवे असतानाही शंका घेणारा माणूस आवश्यक असतो, हाच याचा अर्थ.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, जावासारखी भाषा किंवा ब्राउझरवर चालणारे सॉफ्टवेअर वापरल्यास हा तक्ता अनावश्यक ठरतो. 'एकदा लिहा, कोठेही चालवा' हे जावाचे घोषवाक्य १९९० च्या दशकापासून परिचित आहे. परंतु मजकुराची पूर्वनिर्धारित संकेतपद्धती जावातही यंत्रानुसार बदलत असे. २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून ती सर्वत्र यूटीएफ-८ झाली. शिवाय ब्राउझर व जावाची यंत्रणा यांचीच बांधणी प्रत्येक प्रणालीवर स्वतंत्रपणे करावी लागते. म्हणजे तक्ता नाहीसा होत नाही, तो एक पायरी खाली जातो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. कंटेनरच्या तंत्राने लिनक्सच्या अनेक आवृत्त्या एका यंत्रावर ठेवता येतात. पण कंटेनर यजमान प्रणालीचा गाभा वापरत असल्यामुळे विंडोजसाठी विंडोजच लागते, आणि ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस केवळ ॲपलच्या यंत्रावरच चालविता येते. मोजक्या संगणकांच्या प्रयोगशाळेला हे परवडणारे नाही. हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणता येईल की, सर्व चौकटी भरता येत नाहीत म्हणून एकच चौकट ठेवावी, हा त्याचा निष्कर्ष होऊ शकत नाही. एकावरून दोनवर जाताना जो लाभ होतो, तो तेवीसवरून चोवीसवर जाताना होत नाही.

८. अध्यापनाच्या संदर्भात

या चर्चेचा सर्वांत निकटचा संबंध अध्यापनाशी येतो. राज्यातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत 'टर्बो सी' दीर्घकाळ वापरले गेले. १९८७ साली बाजारात आलेल्या या कंपायलरमध्ये पूर्णांक १६ बिटांचा असतो. ३२,७६७ मध्ये १ मिळविला की उत्तर उणे ३२,७६८ येते. पडदा पुसण्यासाठी व कळ दाबेपर्यंत थांबण्यासाठी वापरली जाणारी त्यातील फंक्शने सी भाषेच्या मानकात नाहीत. तो ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून त्यासाठी जुन्या डॉसचे अनुकरण करणारे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. अशा वातावरणात शिकलेला विद्यार्थी भाषा शिकतो की एका यंत्राच्या सवयी, हा प्रश्न उपस्थित होतो. तो पुण्यातील एखाद्या कंपनीत मुलाखतीस गेला आणि त्याच्या प्रोग्रॅमची बांधणी जीसीसीवर झाली नाही, तर दोष त्याच्या बुद्धीचा मानला जातो. वस्तुतः त्याला दुसरी प्रत कधी दाखविलेलीच नसते.

यावरील उपाय मोठ्या निधीची अपेक्षा करीत नाही. एक लिनक्सचा व एक विंडोजचा संगणक, प्रत्येकावर एक मुक्त कंपायलर, दोहोंसाठी बांधणीचे एकच वर्णन आणि रात्री ठरावीक वेळी ती चालविणारी छोटी आज्ञावली एवढे पुरेसे आहे. सकाळी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा तक्ता सूचनाफलकावर लावावा. त्यात पुढील मराठी चाचण्यांची एक ओळ अनिवार्य असावी : 'शिर्डी' हा शब्द वाचून, साठवून पुन्हा जसाच्या तसा मिळतो काय; 'दुसऱ्या'ची दोन्ही रूपे शोधात सापडतात काय; 'ॲ'ची जुनी व नवी रूपे एक मानली जातात काय; 'कावळा' व 'काळ' यांचा क्रम बरोबर लागतो काय; मराठी नावाची फाइल दोन्ही यंत्रांवर उघडते काय. हे शब्द निवडण्यासाठी संगणकशास्त्र व मराठी या दोन विभागांनी एकत्र बसावे लागेल. बहुविद्याशाखीय अध्ययनाचा हा एक प्रत्यक्ष उपयोगी नमुना ठरू शकेल.

९. निष्कर्ष

(१) प्रोग्रॅमची निर्दोषता हा केवळ संहितेचा गुण नसून संहिता, कंपायलर व प्रणाली या तिघांमधील संबंधाचा गुण आहे. म्हणून तो एका यंत्रावर सिद्ध होत नाही.

(२) बहुप्रणालीय स्वयंचलित बांधणी ही त्या संबंधाची तपासणी करणारी प्रभावी पद्धत आहे. तथापि ती विचारलेल्या प्रश्नांपलीकडे जात नाही.

(३) मराठी मजकुराच्या ठिकाणी प्रणालींचे भेद तीव्रतेने प्रकट होत असल्यामुळे मराठी चाचणी ही केवळ मराठी भाषकांची सोय ठरत नाही. केवळ इंग्रजीच्या चाचणीत लपून राहणारे दोषही तिच्यामुळे उघड होतात.

(४) कोणत्या चौकटी तपासायच्या व कोणते शब्द वापरायचे, हा निर्णय आजवर बव्हंशी दूरच्या प्रोग्रॅमरांनी घेतला आहे. तो येथील विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा असेल तर त्यांना किमान दोन यंत्रांवर विचार करण्याची सवय लावणे, ही महाविद्यालयाची जबाबदारी ठरते.

एकनाथांसमोर ज्ञानेश्वरीची एकच प्रत असती, तर त्यांना तिच्यातील पाठभेद दिसले नसते आणि शुद्धीकरणाची गरजही जाणवली नसती. एकाच संगणकासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती आज तशीच आहे. त्याच्यासमोर दुसरा संगणक ठेवणे आणि दोहोंवर 'शिर्डी' हा शब्द लिहून पाहण्यास सांगणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.